साधी काच

आमच्या धंद्यात एक जुनी युक्ती आहे. नंबर काढायला आलेल्या माणसाच्या नाकावर तपासणीची जाड गोल फ्रेम चढवायची आणि तिच्यात एकेक भिंग घालत विचारायचं, आता बरं दिसतंय की मघाशी बरं होतं? काही गिऱ्हाइकं सरळ असतात. काही मात्र प्रत्येक भिंगाला मान डोलावतात आणि नक्की काय बरं ते शेवटपर्यंत कळू देत नाहीत. अशा वेळी मी हळूच साधी काच घालतो. बिननंबरची, खिडकीच्या तावदानात असते तशी. आणि त्याच आवाजात विचारतो, "आणि आता?" माणूस खोटं बोलत असेल, किंवा त्याची नुसती समजूत झालेली असेल, तर त्या साध्या काचेतूनही तो दोन ओळी जास्त वाचून दाखवतो.

ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनी मला ही युक्ती पहिल्याच वर्षी दिली. चव्वेचाळीस वर्षांत तिच्या जोरावर किती जणांना पकडलं त्याला गणती नाही. मैत्रिणीला चष्मा लागला म्हणून आपल्यालाही हवा असलेली एक शाळकरी मुलगी होती. साध्या काचेतून तिने शेवटची ओळ घडाघडा वाचली. मी ती काच काढून तिच्या आईच्या हातात दिली आणि मोठ्यांदा हसलो. मुलगी रडत गेली. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं. असा मी माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

माझ्या मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणायचे. सगळे म्हणजे मी आणि तिची आई. आई चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हा आता सगळे म्हणजे मी एकटा. भिंगरी चौतीस वर्षांची आहे. लग्न झालं, मोडलं, आणि दोन बॅगा घेऊन ती माझ्याकडे राहायला आली. त्यातली एक ती बसमध्ये विसरली होती, म्हणजे खरं तर एकच बॅग घेऊन आली. दुकान खाली आणि आम्ही वर. ती एका रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करायची. लोकांच्या रक्ताच्या नळ्यांवर नावाची चिठ्ठी चिकटवायची आणि तेच नाव कॉम्प्युटरवर चढवायचं, एवढंच काम. एवढंच, पण त्यात चूक चालत नाही.

तिच्याकडून दोनदा चूक झाली. दुसऱ्या वेळी एका धडधाकट बाईला तुम्हाला मोठा आजार आहे असं कळवलं गेलं, आणि ज्या माणसाला तो खरंच होता तो चार दिवस निवांत होता. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंनी तिला खोलीत बोलावून सांगितलं, "तीन महिने देते. मग तीन दिवस तुझी प्रत्येक नळी दुसऱ्या कोणाकडून पुन्हा तपासून घेईन. दोनपेक्षा जास्त चुका निघाल्या तर मला तुला ठेवता येणार नाही." बाई वाईट नव्हत्या. आवाजही चढवला नाही म्हणे.

भिंगरी स्वतःहून डॉक्टरकडे गेली. तिने आधीपासून शोधून ठेवलं होतं. लक्ष न टिकण्याचा, मन सारखं इकडून तिकडे उडण्याचा एक विकार असतो, तो लहानपणापासून असतो आणि मोठेपणीही राहतो, असं ती मला दोन-तीनदा सांगत होती. मी म्हटलं, "त्याला आमच्या वेळी धांदरटपणा म्हणायचे. औषध एकच होतं आणि ते पाठीत मिळायचं." ती हसली. तिला माझे विनोद पाठ होते.

दुसऱ्या भेटीला ती मला घेऊन गेली, कारण डॉक्टरीणबाईंना तिचं लहानपण पाहिलेलं माणूस हवं होतं. बाईंनी विचारलं, शाळेत कशी होती, वस्तू हरवायची का, सांगितलेलं काम अर्ध्यावर टाकून दुसरीकडे जायची का. मी खरं तेच सांगितलं, कारण खोटं सांगायची गरजच नव्हती. मग बाईंनी विचारलं, "घरात आणखी कोणी असं होतं का?"

"आई," भिंगरी म्हणाली.

मला राग आला. "तिच्या आईला आजार नव्हता," मी म्हणालो. "ती वेंधळी होती."

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला उलटं वाचता आलं नाही, आणि उलटं वाचण्यात माझा हातखंडा आहे.

तिची आई कशी होती ते सांगतो. आमच्या घरात गार झालेल्या चहाचे अर्धे कप सापडायचे. खिडकीत, कपाटावर, न्हाणीघराच्या कट्ट्यावर, एकदा धुतलेल्या कपड्यांच्या घडीवर. मी ते सगळे गोळा करून टेबलावर ओळीने मांडायचो, कोर्टात पुरावे मांडतात तसे, आणि तिला हाक मारायचो. ती यायची, कपांकडे पाहायची आणि म्हणायची, "अहो, मी येणारच होते त्याच्याकडे."

"येणार होतीस तर आली का नाहीस?"

 एकतीस वर्षं तेच वाक्य आणि तोच माझा सवाल. दूध उतू जायचं, नळ वाहत राहायचा, दार सताड उघडं राहायचं, आणि मी बोलायचो. मारलं कधी नाही. पण शब्दांनी तिला असं सोलून काढलं की शेवटी शेवटी ती स्वतःच कप गोळा करून माझ्यापासून लपवून धुऊन ठेवायची. मला वाटायचं, सुधारली.

पुढच्या एका भेटीत डॉक्टरीणबाईंनी औषधाचं नीट समजावून सांगितलं. या विकाराला दोन जातींची औषधं असतात. एक उत्तेजक, ती तासाभरात लागू पडतात आणि संध्याकाळी उतरतात. ती भिंगरीला आधी आठवडाभर देऊन झाली होती. तिची झोप उडाली, हात कापायला लागले, विनाकारण रडू यायचं. ती बंद केली. आता दुसरी जात, जी उत्तेजक नाही. "ही शरीरात हळूहळू साठत जाऊन काम करते," बाई म्हणाल्या. "पहिले दोन-तीन आठवडे फक्त त्रास दिसेल. मळमळ, तोंडाला कोरड, भूक जाईल, सुस्ती वाटेल. गुण चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून हळूहळू कळायला लागतो, पुरता दिसायला आठ-दहा आठवडेही जातात. तोवर रोज घ्यायची. रविवारी नाही, सुट्टी आहे, असं करायचं नाही."

"आणि आठ आठवडे थांबून गुण आलाच नाही तर?" मी विचारलं.

"तर आला नाही. काही जणांना नाही लागू पडत. मग दुसरं बघू. पण पुरेसे दिवस नीट घेतल्याशिवाय ते ठरवता येत नाही. या जातीतली काही औषधं एकदम बंद केली तर रक्तदाब उसळतो. हे तसलं नाही, तरी मला विचारल्याशिवाय थांबवू नका. आणि मन फार काळवंडलं, नको नको ते विचार यायला लागले, तर त्याच दिवशी फोन करा."

भिंगरीने आयुष्यात एक पुस्तक पुरं वाचलेलं नाही. पण औषधाच्या डबीतला तो घडी घातलेला कागद तिने तीनदा वाचला आणि कपाटाच्या दारावर चिकटपट्टीने लावून टाकला. मी तो वाचला नाही. माझी हयात दुसऱ्यांना वाचायला लावण्यात गेली आहे.

डबी तिने माझ्याकडे दिली. "बाबा, मी विसरेन. नाहीतर घेतली की नाही ते विसरून दोनदा घेईन. रोज सकाळी तुम्हीच द्या." म्हणून मी रोज सकाळी न्याहारीच्या बशीशेजारी एक कॅप्सूल ठेवायचो. निळी-पांढरी. ती माझ्याकडे न पाहता ती उचलायची आणि गिळायची. माझ्या हातातून आली म्हणजे बरोबरच असणार.

पहिले तीन आठवडे पाहवत नव्हते. सकाळी कामावर जायच्या आधी ती न्हाणीघरात ओकायची. ताटातलं तसंच राहायचं. गालफडं बसली. संध्याकाळी खुर्चीत बसल्या बसल्या डोळे मिटायचे. मध्ये बाईंनी मात्रा दुप्पट केली, तेव्हा ओकाऱ्याही दुप्पट झाल्या. चौथ्या आठवड्यात बाईंनी वजन, रक्तदाब पाहिला आणि म्हणाल्या, "ठीक चाललंय. आता सहा आठवड्यांनी भेटू. मध्ये काही वाटलं तर फोन आहेच."

ठीक. मी मनात म्हटलं, हे बरं आहे. आमच्याकडे भिंग घातलं की त्या क्षणाला दिसतं. कोणा गिऱ्हाइकाला मी सांगितलं असतं, हा चष्मा लावा, पहिला महिनाभर डोकं दुखेल, धडपडाल, पण दोन महिन्यांनी दिसायला लागेल, तर त्याने तो चष्मा माझ्याच टाळक्यात घातला असता.

हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण दुसरं होतं आणि ते मला तेव्हाही ठाऊक होतं. डॉक्टरच्या खोलीतला तो एक शब्द माझ्या डोक्यातून जात नव्हता. आई. भिंगरीचा विकार खरा निघाला, औषधाने खरंच ओसरला, तर तिच्या आईचाही खराच होता. मग मी एकतीस वर्षं कोणाला बोलत होतो? म्हणून मला ते औषध खोटं ठरायला हवं होतं. आणि खोटं पकडायची माझ्याकडे एकच युक्ती होती.

एका रविवारी दुपारी ती झोपली होती. दुकान बंद. मी डबी खाली नेली, कामाच्या टेबलावर पांढरा कागद पसरला, चष्मा काढून ठेवला, कारण जवळचं बारीक काम मला चष्म्याशिवाय चांगलं दिसतं. सात कॅप्सुला दोन बोटांत धरून हलकेच पिळून उघडल्या. आतली पांढरी पूड कागदावर झाडली आणि टोपणांत पिठीसाखर भरली. स्क्रू बसवणारे हात आहेत माझे. कोणाला शंका यायची नाही अशा बंद केल्या. पूड मोरीत धुऊन टाकली. ठरवलं होतं दोन आठवडे. तिला फरक कळला नाही तर सांगायचं, बघ पोरी, तू साध्या काचेतून वाचत होतीस.

पाच दिवसांत तिची मळमळ गेली. ती जेवायला लागली. आठव्या दिवशी दुसऱ्यांदा भात मागून घेतला आणि म्हणाली, "बाबा, सरावले मी आता. बाई म्हणाल्याच होत्या, त्रास ओसरतो आणि मग गुण येतो. मला ना, डोक्यात जरा शांत वाटायला लागलंय."

साखर खाऊन डोक्यात शांत. मी मान डोलावली. मला आनंद झाला होता, दुष्ट आनंद, त्या शाळकरी मुलीच्या वेळी झाला होता तसला. पकडली.

दोन आठवडे झाले आणि मी सांगितलं नाही. ती जेवत होती, हसत होती, गालांवर रंग आला होता. म्हटलं, कशाला सांगायचं? साखरेने बरी आहे तर राहू दे साखरेवर. आणखी एक रविवार, आणखी सात. मग आणखी एक. माझी बोटं सरावली. पंधरा मिनिटांत काम उरकायचं आणि वर जाऊन चहा टाकायचो.

पण एक गोष्ट मी पाहिली होती आणि पाहूनही पाहिली नव्हती. साखर सुरू करण्याच्या आधीच्या तीन-चार दिवसांत, म्हणजे खरं औषध चालू असतानाच्या शेवटच्या दिवसांत, घरात गार चहाचा कप सापडला नव्हता. भिंगरी टेबलाशी बसून चहा गरम असताना संपवत होती. मी मनात म्हटलं होतं, योगायोग. साखरेचा तिसरा आठवडा लागला आणि कप परत आले. एक खिडकीत. एक जिन्याच्या पायरीवर. एक माझ्या भिंगांच्या खणावर. मी ते उचलून धुऊन ठेवत होतो, बोलत नव्हतो, आणि स्वतःला समजावत होतो की यात नवीन काही नाही. सगळ्या गावाचे डोळे तपासणारा मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

ती स्वतःही खचायला लागली. शांत वाटण्याची समजूत फार टिकली नाही. किल्ल्या हरवल्या. एकदा कामाचं ओळखपत्र फ्रिजमध्ये सापडलं. "बाबा, नववा आठवडा लागला," ती एकदा जिना चढताना म्हणाली, "आणि मला काहीच होत नाहीये." मी म्हणालो, "होईल." हे मी म्हणालो. माझी जीभ झडली नाही.

तपासणी सोमवारपासून तीन दिवस होती. आदल्या रविवारी दुपारी मी पुन्हा खाली बसलो. तिसरी कॅप्सूल उघडताना हात सटकला. टोपण फाट्‌कन निघालं आणि पूड थेट उजव्या डोळ्यात गेली.

इतकी आग मला कधी झाली नव्हती. डोळ्यातून पाणी थांबेना. मी कसाबसा कागद गोळा केला, डबी खिशात घातली आणि भिंतीला धरून वर आलो. भिंगरीने पाहिलं आणि हातातलं टाकून धावत आली.

"काय गेलं?"

"काच घासत होतो. कण उडाला."

"रविवारी? आणि गॉगल का नाही लावला? दुसऱ्यांना शंभरदा सांगता." तिने मला नळाखाली वाकवलं. एका हाताने डोकं धरलं, दुसऱ्या हाताच्या बोटांनी पापणी उघडी ठेवली. "मिटू नका बाबा. वर बघा. आता खाली." पंधरा मिनिटं ती माझा डोळा धूत होती. भिंगरी, जिला दूध तापेपर्यंत एका जागी उभं राहवत नाही, ती त्या पंधरा मिनिटांत एकदाही इकडची तिकडे झाली नाही. तिच्या बाहीतून पाणी आत कोपरापर्यंत गेलं होतं. त्याच वेळी सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तीन दिवसांच्या परीक्षेला जाणार होती. तेव्हा सांगितलं असतं तर तिला मोठ्या बाईंकडे जाऊन मुदत तरी मागता आली असती. मी मूग गिळून बसलो. सोमवारी सकाळी बशीशेजारी आदल्या दिवशी हात सटकायच्या आधी भरून झालेल्या दोनांतली एक साखरेची कॅप्सूल ठेवली, आणि तिने ती गिळली.

बुधवारी ती दुपारीच घरी आली. पायातले बूट न काढता स्वयंपाकघरात येऊन बसली.

"सहा," ती म्हणाली. "तीन दिवसांत सहा चुका. एक तर इतकी सोपी, बाबा. नळीवरचं नाव मी मोठ्यांदा वाचलं आणि दुसरंच लिहिलं."

"मग?"

"मग काय. खण रिकामा करून आले." ती शांत होती. मला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं. "मोठ्या बाईंना मी औषधाचं सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, तू प्रयत्न केलास, मला माहीत आहे. प्रयत्न केलास म्हणाल्या."

मी पाणी दिलं. तिने पेला हातात धरला, प्यायली नाही.

"दहा आठवडे रोज घेतली. एक दिवस चुकवला नाही. हे एकच काम मी आयुष्यात न चुकता केलं, ते पण तुमच्या भरवशावर. आणि तरी नाही. म्हणजे मग तो विकार वगैरे नाहीच ना. विकार असता तर औषध लागलं असतं. मी अशीच आहे. वेंधळी." ती माझ्याकडे बघून जराशी हसली. "तुम्ही आईला म्हणायचात ते बरोबरच होतं."

चार वर्षं झाली माझी बायको जाऊन, आणि आज तिच्या मुलीने माझ्या बाजूने निकाल दिला. मी जिंकलो होतो. 

ती उठली आणि कपाटाच्या दारावरच्या त्या कागदाशी जाऊन उभी राहिली. "डॉक्टरीणबाईंना फोन करायचाय. त्याआधी बघते, लागू नाही पडलं तर काय करायचं यात लिहिलंय का."

"राहू दे आता ते."

"थांबा ना." ती बोट ठेवून पुटपुटत वाचायला लागली, तिला तसंच वाचावं लागतं, मोठ्यांदा, नाहीतर ओळ निसटते. "न्याहारीबरोबर किंवा नुसती... एखादी मात्रा चुकल्यास... कॅप्सूल अख्खी गिळावी, उघडू नये. आतली पूड डोळ्यांना त्रासदायक असून डोळ्यात गेल्यास लगेच भरपूर पाण्याने... यकृताचा विकार असल्यास..." ती पुढे गेली. मी श्वास सोडला. आणि तिचं बोट थांबलं, दोन ओळी वर सरकलं.

तिने मागे वळून पाहिलं. मी नुसता बसून राहिलो असतो तर कदाचित काहीच झालं नसतं. पण खाई त्याला खवखवे. माझा हात आपसूक वर गेला आणि मी लाल डोळा झाकून घेतला.



"काय भरलंत त्यात?" तिने विचारलं.

"पिठीसाखर."

"कधीपासून?"

"सहा आठवडे."

ती बोटांवर मोजायला लागली, लहानपणी मोजायची तशी, अंगठा एकेका पेरावर ठेवत. आणि मोजता मोजता तिचा चेहरा उजळला. शिव्या घातल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. तो आनंद मला सोसवला नाही. "म्हणजे मी घेतच नव्हते," ती म्हणाली. "म्हणजे ते नापास झालेलं नाही. बाबा, मी पण नाही." आणि मग ती जमिनीवर बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून रडली.

पुष्कळ वेळाने तिने विचारलं, "रविवारी डोळा धूत होते तेव्हा का नाही सांगितलंत?"

मी टेबलावरचा तिचा पेला बाजूला सरकवला.

"आणि केलंत कशासाठी?"

आता खोटं सांगण्यात अर्थ नव्हता. "तुझं खरं निघालं असतं तर तुझ्या आईचंही खरं निघालं असतं."

तिने ते नीट ऐकून घेतलं. "म्हणजे मला नाही. तुम्हाला आईलाच आणखी एकदा पकडायचं होतं," ती म्हणाली. तिने माझ्यासमोर हात पसरला. मी खिशातली डबी काढून तिच्या हातावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी तिला न सांगता प्रयोगशाळेत गेलो. मोठ्या बाईंना सगळं सांगितलं, साखरेपासून डोळ्यापर्यंत. दार उघडं होतं, बाहेर काम करणाऱ्या पोरी ऐकत होत्या, ऐकू दिलं. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तुमच्या मुलीचं मला फार वाईट वाटतं. पण त्या सहा नळ्या सहा माणसांच्या होत्या. त्यांना मी काय सांगू, हिच्या वडिलांनी काय केलं ते?" त्यांनी मला बसायला सांगितलं नव्हतं. बरोबरच होतं.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा लहान मात्रा, पुन्हा दुप्पट, पुन्हा न्हाणीघरातला तो आवाज. मी दाराबाहेर पाण्याचा पेला घेऊन उभा राहायचो. ती बाहेर यायची, माझ्या बाजूने जायची आणि स्वतःच्या हाताने पाणी घ्यायची. राग म्हणून नाही. बोलते माझ्याशी, भाजी काय आणू विचारते. माझ्या हातचं मात्र तिने त्यानंतर काही तोंडात घातलेलं नाही. दुसरं काम अजून मिळालेलं नाही.

औषध ती आता स्वतः घेते. फोनवर गजर लावला आहे, शिवाय डबीवर तारखा लिहिलेल्या कागदाची पट्टी. रोज सकाळी ती एक कॅप्सूल काढते, खिडकीपाशी जाते, दोन बोटांत धरून उजेडात फिरवते आणि सांधा बघते. मग घेते. भिंगाला चरा आहे का ते मी असंच बघतो. माझ्याकडूनच शिकली, लहानपणी टेबलाशी उभी राहून.

काल सहावा आठवडा संपला. आज सकाळी ती कामाच्या शोधात बाहेर पडल्यावर मी वर आलो आणि सवयीने कप शोधायला लागलो. खिडकीत नव्हता. कपाटावर, जिन्यात, न्हाणीघराच्या कट्ट्यावर, कुठेच नव्हता. भिंगांच्या खणावरही पाहिलं. शेवटी स्वयंपाकघरात सापडला. चहा पिऊन, विसळून, ओट्यावर पालथा घातलेला. आदल्या दिवशीही तसाच होता, त्याच्या आदल्या दिवशीही. तीन दिवस झाले होते, हे माझ्या आत्ता ध्यानात आलं.

मला आनंद झाला. खरंच झाला, तिच्यासाठी. मी तो कप हातात घेऊन खुर्चीत बसलो, खाली दुकानात कोणीतरी घंटा वाजवत होतं तरी उठलो नाही. एकतीस वर्षं मी टेबलावर कप मांडून तिच्या आईला एकच गोष्ट विचारत होतो, आणि ती एकच उत्तर देत होती. ते मला खोटं वाटायचं. मी येणारच होते त्याच्याकडे, ती म्हणायची. ती खरंच येणार होती.